थंडीत घेतलेले माप

नसीर उस्तादांनी मला फसवले. हे मी त्यांच्या गल्लीत उभा राहून ओरडलो आहे. आता इथे शांतपणे लिहितो आहे.

तरीही त्यांची आठवण येते ती एका आवाजातून. अक्रोडाच्या लाकडावर फिरणाऱ्या कानशीचा तो आवाज, वाळक्या पानांवरून कुणी अनवाणी चालत जावे तसा. जुन्या दिल्लीतल्या त्यांच्या खोलीत हिवाळ्याच्या दुपारी जेमतेम तासभर ऊन येई. त्या उन्हात लाकडाची भुकटी तरंगत राही, जवसाच्या तेलाचा जड वास भिंतींना धरून असे, आणि त्या सगळ्याच्या मधोमध एक किडकिडीत म्हातारा रायफलीचा लाकडी दस्ता मांडीवर घेऊन, झोपलेल्या मांजराला जाग येऊ नये अशा बेताने घासत बसलेला असे.

मी त्यांच्याकडे गेलो तो माझ्या मुलीच्या खांद्यापायी. इरा तेव्हा तेवीस वर्षांची होती, मोठ्या बोअरची रायफल चालवायची, आणि एप्रिलमध्ये तिच्या क्लबच्या संघाची निवड होती. तिच्या रायफलीला बाजारातला तयार दस्ता होता; दिसायला देखणा, पण दर गोळीला खांद्यावर असा दणका बसे की गळ्याच्या हाडाखाली जांभळा डाग उमटे. डागाचे काही नाही, डाग जातो. चाप ओढण्याच्या क्षणभर आधी तिचे डोळे मिटू लागले होते, ही खरी काळजी होती. ही सवय अंगात मुरली तर निघत नाही, तिथे नेमबाज संपतो, असे तिच्या प्रशिक्षकांनी मला बाजूला घेऊन सांगितले होते.

मी फरीदाबादला रबराचे सुटे भाग बनवतो. एकोणिसाव्या वर्षी कराडहून इथे आलो, दुसऱ्याच्या प्रेसवर उभा राहिलो, मग स्वतःचा प्रेस टाकला. इंजिनाचा धक्का खाणाऱ्या रबरी गाद्यांवर माझे घर चालते. तेव्हा धक्क्याबद्दल मला कुणी शिकवावे हे काही मला पटण्यासारखे नव्हते. पहिल्याच भेटीत मी त्यांना सांगून टाकले, की दस्त्याच्या टाचेला, खांद्याला टेकतो तिथे, दोन बोटे जाड रबर लावा, काम झाले.

उस्ताद हसले. त्यांच्या हसण्याला आवाज नसे. कपाळावरच्या भुकटीत फक्त एक नवी रेघ पडे.

"सेठजी, रबर धक्का पीता है," ते म्हणाले, "मगर धक्के को रास्ता लकड़ी दिखाती है।"

हे वाक्य मला आवडले नाही, कारण ते खरे असावे अशी मला लगेच शंका आली.

त्यांनी रायफलीकडे पाहिलेच नाही, इराकडे पाहिले. तिला डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगितले, मग डोळे उघडायला, आणि तिची नजर आपोआप कुठे जाऊन थांबते ते, विहिरीत किती पाणी आहे हे वाकून बघावे तसे, वाकून पाहिले. मग माझ्याकडे वळले आणि माझ्या छातीत एक बोट खुपसले. मी चिडून मागे सरलो. त्यांनी तळहात पसरून त्याच ठिकाणी तितक्याच जोराने ढकलले, तर काहीच लागले नाही. "आपका दस्ता उँगली है। मैं हथेली बनाऊँगा।"

त्या दिवसापासून मी नादावलो. कारखान्यात बँकेत जातो म्हणून सांगायचे आणि त्या गल्लीत जाऊन बसायचे. जुना दस्ता मागे उतरता होता, म्हणून गोळी सुटताच नळी उसळायची आणि लाकूड गालावर आदळायचे. नवा सरळ असेल, म्हणजे धक्का वर न उधळता खांद्यात शिरेल आणि सगळे अंग तो वाटून घेईल. गाल टेकतो ती कड उंच हवी, म्हणजे मान वाकत नाही. लाकूड वजनदार हवे, कारण जड वस्तू सहजासहजी मागे उडत नाही. एकेक गोष्ट त्यांनी मला सांगितली ती बोलून कमी आणि बोटांनी जास्त. त्यांची बोटे लाकडावरून फिरत तेव्हा ती ऐकत आहेत असे वाटे.

मी एक फळी निवडली होती, ढगांसारख्या गुंतवळ्यांची, तांबूस काळी, डोळे ठरत नव्हते अशी. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि एक साधी फळी पुढे केली, जिच्या रेषा मुठीच्या जागेवरून सरळ लांब धावत होत्या. "वो शादी में ले जाइए। यह चलाने के लिए है।" गल्लीतला समोरचा कुलूपवाला खो खो हसला. मी अर्धा तास हुज्जत घातली आणि हरलो. हरण्याची मला सवय नाही.

म्हणूनच बहुधा पुढचे घडले. जानेवारी होता, दिल्लीवर धुक्याची ओली गोधडी पडलेली, आणि इरा स्वेटरवर जाड कापसाचे जॅकेट घालून आली होती. उस्तादांनी तिच्या कोपराच्या खोबणीपासून चापाच्या बोटापर्यंत सूत धरले, गाठ मारली, दस्ता गाठीपेक्षा बोटभर लांब ठेवला आणि करवत खाली ठेवली.

"बाक़ी चैत में। जाड़े का नाप कच्चा होता है।"

त्यांची सगळी गिऱ्हाइके दोनदा येत, एकदा थंडीत आणि एकदा उन्हात. ही त्यांची रीत होती. पण गिऱ्हाइकाला दुसऱ्यांदा का बोलावतात हे मला ठाऊक होते. दुसरे बिल लावायला मी स्वतः बोलावलेले आहे. माझा आवाज चढला.

"गाँठ है वहीं काटो। आज, मेरे सामने।"

"बाबा, चलो ना," इरा म्हणाली, "येऊ की एप्रिलमध्ये. त्यांना कळतं ना यार."

"तू मध्ये बोलू नकोस."

कुलूपवाल्याचा हात थांबला. उस्तादांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, आजाऱ्याकडे बघतात तसे काहीतरी होते. "जैसी आपकी मर्ज़ी," ते म्हणाले आणि करवत चालवली. मी जिंकलो होतो.

फेब्रुवारीत इराने त्या दस्त्याने पहिली गोळी झाडली तेव्हा तिचे डोळे उघडे होते. ती मागे वळून हसली. मी उस्तादांना गाजराच्या हलव्याचा डबा पाठवला.

मार्चभर ती नोकरीच्या ट्रेनिंगला बंगलोरला होती. परतली ती थेट निवडीच्या दिवशी, एप्रिलच्या कोरड्या उन्हात, पातळ सुती शर्टात. तिच्या क्लबात नेमबाजीची खास जाकिटे घालण्याची पद्धत नव्हती. अंगावर जे असेल ते. जॅकेट आणि स्वेटर गेल्यावर तिचा खांदा बोटभर मागे गेला होता, आणि दस्ता बोटभर आखूड झाला होता. दुसऱ्या गोळीला तिचाच अंगठा तिच्या नाकावर आपटला. पाचव्या गोळीला, मी मागे उभा राहून पाहिले, तिचे डोळे मिटले.

मी तडक गल्ली गाठली. उस्तादांच्या दाराला कुलूप होते. त्या दारासमोर मी ओरडलो, फसवले म्हणून, दोनदा. कुलूपवाला बाहेर आला.

"किस पर चिल्ला रहे हैं? वो तो होली से पहले ही चल बसे।" मग खाली बघत: "आपके जाने के बाद बोले थे, अभी ग़ुस्से में है। चैत में आएगा तो टुकड़ा जोड़ दूँगा।"

तो तुकडा मी माझ्या कारखान्यात बनवला, बोटभर, केसाचाही फरक नाही असा, आणि दस्त्याला जोडला. इराने रायफल खांद्याला लावली. "बाबा, आता एकदम बरोबर आहे," ती म्हणाली. तिने चाप ओढला तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. त्यानंतर ती रेंजवर गेली नाही. गुडगावला नोकरी करते, आणि याबद्दल मला कधी एक शब्द बोललेली नाही.

चैत्र दर वर्षी येतो. ज्याने बोलावले होते तोच जागेवर नसतो, आणि आठवणीशी भांडायला गेले की आपलाच आवाज ऐकत उभे राहावे लागते. लोकांनी माझ्या आरडाओरड्याला आजवर उलट उत्तरे दिली, दारे लावून घेतली, मला हाकलले. त्यातून मी शिकलो, मोठा झालो. उस्ताद, तुम्हाला सगळे कळत होते आणि मला काही कळत नव्हते, आणि करवत तुमच्या हातात होती. मग माझे ऐकून मला का फसवलेत? इराला नाही, मला उत्तर द्या.