चौथी बाजू

दर वर्षी सतरा डिसेंबरला दुपारची भाकरी खाऊन झाली की सिद्धोधन पुढच्या खोलीत रेकॉर्ड प्लेअर लावायचा. बापाचा तो स्मृतिदिन. सकाळी वंदना व्हायची, फोटोला हार पडायचा, शेजारपाजारची चार माणसं खीर खाऊन जायची. आणि ती गेली की हा अडुसष्ट वर्षांचा निवृत्त कारकून दार लोटून एक जर्मन गाणं ऐकत बसायचा. वसाहतीतल्या लोकांनी सुरुवातीला विचारून पाहिलं, की साहेब, आपली गाणी सोडून हे काय काढलंत? तो म्हणायचा, "मयताचं गाणं हाय." तेवढ्यावर विषय मिटायचा. मयताचं म्हटलं की माणसं फार खोलात शिरत नाहीत.

पेटी तीन तबकड्यांची होती. परभणीच्या कृषी विद्यापीठात ज्वारीवर संशोधन करायला आलेला एक जर्मन साहेब शहाऐंशी साली परत निघाला, तेव्हा त्याने घरातलं सगळं वाटून टाकलं. कुणाला कुकर मिळाला, कुणाला पंखा, शिपायाला लोकरी कोट मिळाला, जो परभणीच्या उन्हात त्याने एकदाही घातला नसेल. साहेबाचे अहवाल टाइप करून देणाऱ्या सिद्धोधनच्या वाट्याला हा प्लेअर आणि ही पेटी आली. येशूच्या अखेरच्या दिवसांची कथा आहे, जुन्या काळी चर्चमध्ये गायची, एवढंच साहेबाने सांगितलं होतं. आतली छापील पुस्तिका पहिल्याच वर्षी वाळवीने खाल्ली. त्यामुळे कथा काय आहे हे कळायची सोय उरली नाही, आणि कळलं नाही म्हणून काही अडलंही नाही.

लग्नानंतर तो आणि रोहिणी रविवारी ती ऐकत. पहिली तबकडी लावायची, संपली की उलटायची, मग दुसरी, मग तिसरी. फायलीचं पान वाचलं की त्याची पाठ वाचायची, मग पुढचं पान. कारकुनाला यात विचार करायचं काही कारणच नव्हतं. पहिल्या तबकडीच्या पाठीवर सहाचा आकडा होता, तो त्याने कंपनीचा माल-नंबर धरला. त्या पाठीवर एवढा मोठा समुदाय एवढ्या जडपणे गायचा, की कुणीतरी वारलं हे न सांगता कळायचं. रोहिणी म्हणायची, "सुरुवातीलाच मेला व्हय हा? बरोबर हाय. आपल्याकडं बी आधी मयत होती, मग मानसं बोलायला लागतात." शेवटी, तिसऱ्या तबकडीच्या पाठीवर, आधी माणसांचा गलका व्हायचा, मग एक व्हायोलिन सुरू व्हायचं आणि एक बाई भरल्या गळ्याने गायची. रोहिणी तिथे डोळे पुसायची. सिद्धोधन पुसायचा नाही, पण त्याला त्या सहा-सात मिनिटांत श्वास पुरायचा नाही.

चौऱ्याण्णव साली बाप गेला, तेव्हापासून त्याने ती शेवटची बाजू बापाच्या नावाने बाजूला काढली. सगळं आटोपल्यावर, माती दिल्यावर, मागे राहिलेल्यांनी म्हणायचं ते हे गाणं, अशी त्याची पक्की समजूत होती. बापासाठी त्याला काही तरी करायचं होतं, कारण जे करायला हवं होतं ते त्याने केलं नव्हतं.

ती गोष्ट चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यातली. नोकरी लागून दोन वर्षं झाली होती आणि खरं नाव सांगितलेल्या सात घरांत खोली 'कालच दिली' होती. आठव्या ठिकाणी, नानलपेठेत भुसार दुकानदार धोंडप्पांच्या घरी, त्याने नाव सिद्धेश्वर सांगितलं. लिंगायतांचं घर, नाव ऐकूनच धोंडप्पांच्या बायको गंगम्मा खूश झाल्या आणि किल्ली हातात पडली. छप्पन सालच्या दीक्षेनंतर जन्मलेल्या पहिल्याच पोराला बापाने, किशनरावांनी, हौसेने ठेवलेलं नाव त्याने असं अर्ध्यावर मोडलं. वाईट वाटलं. पण माडीवरची खोली हवेशीर होती, हेही खरं.

आणि एका सकाळी काही न कळवता किशनराव आले. राणीसावरगावाहून पहिल्या गाडीने निघालेले, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेलं, हातात फडक्यात बांधलेला हुरडा. गंगम्मा अंगणात जोंधळे पाखडत होत्या. त्यांनी जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "सिद्धेश्वर, कोण आलंय बघ रं!" सिद्धोधन ऑफिसला निघालेला, जिन्याच्या मधोमध उभा. बाप वर बघून हसला. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "आमच्या रानातला गडी हाय, मावशी."

ज्या घराला वीतभर रान नव्हतं, त्या घराचा हा रानातला गडी! किशनरावांचं हसू तिथेच थांबलं. त्यांनी फडकं खालच्या पायरीवर ठेवलं, "मालक, हुरडा धाडलाय," म्हणाले, आणि पाणीसुद्धा न पिता फिरले.

पंधरा दिवसांनी तो गावी गेला तेव्हा बापाने एवढंच विचारलं, "हुरडा कवळा होता का?" त्यानंतर तो विषय कधी निघाला नाही. पुढे लग्न झालं, विद्यापीठाचं क्वार्टर मिळालं, दारावर सिद्धोधन अशी पाटी लागली. तेव्हा त्याने बापाला दहादा बोलावलं. बाप दर वेळी म्हणायचा, "गुडघे दुखायलेत रं, बघू." सिद्धोधनने ओळखलं होतं, गुडघे-बिडघे काही नाही, माणूस रुसलाय. तसाच रुसून तो गेला. हे त्याने ना बहिणीला सांगितलं, ना रोहिणीला. रोहिणी तीन वर्षांपूर्वी गेली. आता घरात सांगायला कुणी नव्हतं, आणि न सांगायलाही कुणी नव्हतं.

या वर्षी रेकॉर्ड संपत होती तेवढ्यात बंगळूरहून लेकीचा, धम्मशीलाचा फोन आला.

"पप्पा, वाजवलीत का?"

"आत्ताच संपली."

"कुठली बाजू?"

"शेवटची. कुठली म्हंजे?"

ती हसली. "ती शेवटची नाहीच आहे. दिवाळीत मी लेबलांचे फोटो काढले होते ना? सगळं शोधून काढलं. फार नावाजलेलं रेकॉर्डिंग आहे ते, साठ वर्षं झाली तरी लोक जपतात. पण तुम्ही आणि मम्मी तीस-पस्तीस वर्षं उलटसुलट ऐकत होतात!"

मग तिने समजावून सांगितलं. तेव्हाच्या काही प्लेअरना मधे उंच दांडी असायची. तिन्ही तबकड्या एकावर एक दांडीत अडकवायच्या, एक संपली की दुसरी आपोआप खाली पडायची. म्हणून पहिली, दुसरी, तिसरी बाजू वेगवेगळ्या तबकड्यांवर, आणि मग सगळी चवड एकदम उलटायची. साहेबाची उंच दांडी हरवलेली असणार. "म्हणजे पहिलीच्या पाठीवर जे सगळे मिळून रडतात ना, तो खरा शेवट. थडग्यापाशीचा. तुमची शेवटची ही चौथी बाजू. मधली."

"मग ही बाई कोणासाठी रडायली?"

"मेलेल्यासाठी नाही, पप्पा. तोवर येशू जिवंत असतो. त्याला पकडून नेलेलं असतं, आणि त्याचा एक माणूस, पेत्र, बाहेर अंगणात थांबलेला असतो. तिथली मोलकरीण त्याला विचारते, तू त्याच्यातलाच ना? तो म्हणतो, मी त्याला ओळखत नाही. असं तीनदा विचारतात, तीनदा तो नाही म्हणतो. मग कोंबडा आरवतो, आणि तो बाहेर जाऊन ढसाढसा रडतो. त्याच्यानंतरचं गाणं आहे हे. माफी मागायचं... पप्पा? ऐकताय ना?"

"ऐकायलोय."

"मस्त आहे ना गोष्ट?"

"हो. चांगली हाय," सिद्धोधन म्हणाला. "ठेवतो मग. गॅसवर दूध हाय."

गॅसवर काही नव्हतं. तो खुर्चीत बसून राहिला. त्याला आधी संताप आला. त्या जर्मनाचा, दांडीचा, वाळवीचा, लेकीच्या हुशारीचाही. एकतीस वर्षं तो दार लोटून बापाला श्रद्धांजली वाहत होता, आणि ती बाई एकतीस वर्षं त्याच्याच घरात बसून त्याचीच चुगली करत होती. भाषा कळत नव्हती म्हणून बरं, नाहीतर पहिल्याच दिवशी तबकडी फोडली असती. मग संताप ओसरला आणि नुसती लाज उरली, जुनी, चांगली मुरलेली. लेकीला सांगायला हवं होतं. फोन पुन्हा हातात घेतला, ठेवला, घेतला. जिला तो लहानपणापासून ताठ मानेने स्वतःचं नाव सांगायला शिकवत आला, तिला हे कुठल्या तोंडाने सांगणार? बहीण हयात नव्हती, रोहिणी नव्हती, धोंडप्पाही कधीच गेले होते. ते वाक्य कानांनी ऐकलेलं जगात आता एकच माणूस होतं. गेल्या निवडणुकीत मतदानकेंद्रावर त्याने गंगम्मांना चाकाच्या खुर्चीत पाहिलं होतं, आणि नजर चुकवून दुसऱ्या रांगेत गेला होता. त्याने सदरा बदलला आणि रिक्षा केली.

नानलपेठेतलं घर बदललं होतं, जिन्याला फरशी आली होती. दार नातसुनेने, स्वप्नाने उघडलं. गंगम्मा ओट्यावर उन्हाला बसल्या होत्या, कपाळाला विभूती, डोळ्यांवर जाड भिंगं.

"सिद्धेश्वर न्हाई का तू? वरच्या खोलीतला?" त्यांनी लगेच ओळखलं. "किती पिकलास रं! बस. स्वप्ना, चहा टाक."

तो खुर्चीच्या कडेवर बसला. रिक्षात जुळवलेली वाक्यं इथे येईपर्यंत पांगली होती. "मावशी, एक सांगायला आलो होतो..."

"सांग की. आदी हे सांग, तुझा तो गडी हाय का अजून?"

"कोणता गडी?" सिद्धोधनने विचारलं.

"हुरडा आणायचा त्यो. लय इमानी मानूस. चार-सहा महिन्याला यायचाच."

"एकदाच आला होता, मावशी."

"तुला काय म्हाईत? तू हापिसात असायचास. मालकाला सांगू नका म्हनायचा, रागं भरतील. त्या खालच्या पायरीवर बसायचा. मालक येळेवर जेवत्यात का, खोकला हाय का, खोलीत ऊन येतं का, असलं कायबाय इचारायचा आन् जिन्याकडं बघत बसायचा. एकदा पाऊस आला तर तुझे वाळत घातलेले सदरे गोळा करून, घडी घालून दिले. पाच वाजायच्या आत मात्र उठायचा."

सदरे सिद्धोधनला आठवले. मावशींनीच घडी केले असं समजून त्याने त्यांचे आभारही मानले होते.

"किती वर्सं यायचा?"

"तू खोली सोडलीस तवापर्यंत. शेवटल्या टायमाला लय लंगडायला होता. गुडघे असे सुजलेले! आता येनं हुईना म्हनला. आमचे हे म्हनायचे, गडी असावा तर असा."

म्हणजे गुडघे खरेच दुखत होते. माणूस रुसला नव्हताच. सिद्धोधनला हे ऐकून हलकं वाटायला हवं होतं. पण चार वर्षं गाडीच्या धुळीत येऊन, परक्याच्या पायरीवर मालकाचा गडी होऊन बसणारा बाप त्याला दिसला, आणि त्यापेक्षा तो रुसला असता तर बरं, असं त्याला मनापासून वाटलं.

"मावशी, तो गडी न्हवता," तो म्हणाला. "गडी न्हवता. माझा बाप होता. किशनराव. आमी बौद्ध. माझं नाव सिद्धेश्वर न्हाई, सिद्धोधन हाय."

चहा घेऊन आलेली स्वप्ना दारातच थांबली. गंगम्मांनी भिंगं काढली, पदराने पुसली, पुन्हा लावली आणि त्याच्याकडे बराच वेळ बघितलं.

"मग तवाच का न्हाई सांगितलंस?"

"खोली गेली असती."

तसं कसं म्हणतोस, असं म्हणून त्या वेळ मारून नेऊ शकल्या असत्या. बहुतेक माणसं तेच करतात.

"व्हय," गंगम्मा म्हणाल्या. "गेली असती. ह्यांनी न्हाई ठिवलं असतं. मी बी न्हाई." मग म्हणाल्या, "वर ये, बस, असं मी त्याला एकदा बी म्हनलं न्हाई रं."

मोठ्या माणसाने दुसऱ्याच्या ओट्यावर रडू नये म्हणतात, पण सिद्धोधन रडत होता आणि चष्मा काढायचंही त्याच्या ध्यानात आलं नाही. गंगम्मांनी त्याला रडू दिलं.

"लेक हाय ना तुला?" बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं. "तिला म्हाईत हाय?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"मग मला सांगून काय उपेग? मी आज हाय, उद्या न्हाई."

त्याने तिथेच खिशातून फोन काढला. दोनदा वाजल्यावर धम्मशीलाने उचलला. "हं पप्पा? दूध उतू गेलं का?"

"न्हाई. ऐक," सिद्धोधन म्हणाला. "तुझे आजोबा एकदा मला भेटायला आले होते. मी म्हणलं, हा माझा कोणी न्हाई."