९९०१ नं परत आणलेला निकेश

पनवेलजवळच्या विचुंब्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्या रविवारी सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. अंकानंद महाराज मेलेल्यांना आकड्यांतून परत आणत होते. परत येत होते ते आकडेच, पण हे ऐकायला भानावर कोण होतं?

"९९०१ हा अखंड अंक," महाराज सांगत. "कुणाच्या पाढ्यात तो नाही, कुणाकडून तो भागत नाही. जो जीव घरी परतलाय, त्यालाच तो निःशेष भागतो."

रीत अशी. मृत्यूची तारीख सहा आकड्यांत लिहायची, आधी घरच्यांनी, मग तिलाच जोडून, गेलेल्या माणसाच्या वतीनं, पुन्हा. त्या लांबलचक संख्येला ९९०१ नं भागायचं, आलेल्या उत्तराला शुभाच्या १०१ नं. बाकी शून्य, आणि समोर पुन्हा तीच तारीख! गावातले म्हातारे काशीराम मोबाईल छातीशी धरून रडत होते. "माझा पोरगा परेश आलाय. मी सोता हिशेब केला, खोटं नाय."

सोसायटीतली कादंबरी शाळेत गणित शिकवायची. तिच्या आईनं, शोभाताईंनी, धाकट्या मुलाच्या, निकेशच्या, मृत्यूची तारीख दोनदा लिहिली: १४०८२३१४०८२३. भागाकार कादंबरीनंच केला. शेवटी १४०८२३ उमटलं आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. ९९०१ ही मूळ संख्या आहे, एवढ्या मोठ्या मूळ संख्येनं वाटेल ती संख्या भागत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शिकलेलंच तिच्यावर उलटलं.

घरी निकेशचं ताट वाढलं जाऊ लागलं. त्याच्या रिकाम्या खुर्चीशेजारून जाताना कादंबरी नकळत अंग चोरायची. तेही चाललं असतं. पण सुई दिसली की परतलेला जीव बिथरतो, असं महाराजांनी बजावलं होतं, आणि आईनं आपलं रोजचं इन्सुलिन बंद केलं. चौथ्या दिवशी साखर चारशेच्या वर गेली.

त्या दुपारी फोनवरून औषधं मागवताना पिनकोडपाशी कादंबरीचा हात थांबला. तिनं ४१०२०६ दोनदा लिहून भागलं. बाकी शून्य. पनवेलचा पिनकोड परतला होता, आणि तो तर कधी मेलाही नव्हता.

तिनं आईला शेजारी बसवून तिचीच जन्मतारीख दोनदा लिहायला लावली. तीही जशीच्या तशी परतली.

"मग तूही गेलीस का, आई?"

कादंबरीनं कागदावर मांडून दाखवलं. सहा आकडी संख्या दोनदा लिहिणं म्हणजे तिला दहा लाख एकनं गुणणं. आणि ९९०१ गुणिले १०१ म्हणजे बरोबर दहा लाख एक. महाराज आधी गुणायला लावत, मग तेवढ्यानंच भागायला. घातलं तेच बाहेर येत होतं.

आईनं रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "म्हणजे तो आलाच नव्हता."

"नाही गं. मलाही तो हवा होता. पण आता तू तरी राहा."

आईनं डोळे पुसले आणि इंजेक्शनसाठी दंड पुढे केला.

दुःख खरं असतं, म्हणून त्याच्या जोरावर दाखवलेला पुरावा खरा ठरत नाही. कुणी चमत्कार हातात ठेवला, तर त्यात दुसरा आकडा घालून पाहा, आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध कुणा महाराजाच्या शब्दावर थांबवू नका.