चुलबंदीच्या काठची रेती

लाखांदूरच्या हर्षाला आणि तिच्या नवऱ्याला, मनिषला, डोंगर चढायचं भारी वेड. मनिषचं बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान रविवारी बंद असायचं आणि दोघं पाठीवर पिशव्या अडकवून निघायचे. या वर्षी कोकणात जाऊन समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्या चढायच्या, असं ठरलं होतं. पण उन्हाळी धानाच्या लावणीची, रोवण्यांची घाई सुरू झाली, दुकानात गर्दी वाढली आणि कोकण राहूनच गेलं.

"रुसू नोको," मनिष म्हणाला. "तुले रेतीच पायजे ना? चाल, आपली चुलबंद नदी का कमी हाये?"

दिघोरी गावाकडच्या अंगाला नदीकाठी उपसलेल्या रेतीचा ढीग पडलेला होता. ढीग कसला, दुमजली घराएवढा डोंगरच! दोघांनी बूट काढले आणि अनवाणी चढू लागले. एक पाऊल वर टाकावं तर अर्धं खाली घसरायचं. माथ्यावर पोचेपर्यंत दोघांनाही धाप लागली होती. मग हर्षा बसूनच घसरत खाली आली, धप्पकन पडली आणि पोट धरून हसत सुटली.

"आता तू ये!" ती खालून ओरडली.

"बसून कायले? उडी मारतो, पाहाय!"

हर्षा घसरली त्याच्या शेजारची बाजू कुणीतरी ट्रॅक्टर भरताना पायथ्याशी पोखरून नेली होती. वरून ते दिसत नव्हतं आणि खालून हर्षाच्या ध्यानात आलं नव्हतं. मनिषनं तिकडूनच उडी मारली. तो पोकळीपुढच्या रेतीत कमरेपर्यंत रुतला, आणि त्याच क्षणी त्याच्या पाठीमागचा सगळा कडा आवाज न करता त्याच्यावर बसला.

धुरळा उडाला. मनिष दिसेना.

हर्षा हसतच होती. हा आता कुठूनतरी डोकं काढेल आणि भॉक करेल, असंच तिला वाटलं. "झालं का नाटक? निंग ना बाहेर!" ती म्हणाली. वरून थोडी रेती ओघळली. बाकी काही हललं नाही. तिच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं.

मग ती धावली. दोन्ही हातांनी उकरू लागली. जेवढं उकरावं तेवढं वरून परत भरायचं. "मनिष! मनिष!" तिला वाटत होतं आपण ओरडतोय, पण घशातून नुसती हवा निघत होती.

नदीच्या पात्रात गिरजाबाई आणि तिचा नवरा हिरालाल टरबुजाच्या वेलांना पाणी देत होते. काठावर कुणी बाई वेड्यासारखी रेती उकरतेय हे पाहून दोघंही फावडं, घमेलं घेऊन पळत आले.

"काय झालं वो बाई?"

हर्षानं नुसतं बोट दाखवलं. "माणूस... माझा माणूस."

हिरालालनं फावडं घातलं तशी ती किंचाळली, "नोको! त्याच्या डोक्याले लागंन!" मग तिघांनी घमेल्यानं आणि हातांनी उपसायला सुरुवात केली. हर्षाची नखं तुटली, ते तिला कळलंही नाही. आणि एकदम तिच्या बोटांना केस लागले.

तोंड मोकळं झालं तेव्हा ते निळंकाळं पडलं होतं. हर्षानं त्याच्या तोंडात बोटं घालून ओली रेती ओढून काढली. एकदा. परत एकदा. श्वास नव्हता. गिरजाबाईनं त्याच्या गालावर पाणी मारलं. हर्षानं त्याच्या तोंडाला तोंड लावून फुंकलं. हे आपण कुठं शिकलो, बरोबर करतोय का, काही ठाऊक नव्हतं. कितीतरी वेळानं त्याच्या घशात खरखर झाली आणि तो खोकला.

"जित्ता हाये, माय!" गिरजाबाई रडायला लागली. हर्षा रडली नाही.

छाती आणि पाय मोकळे करून हिरालालनं गावातून गाडी आणवली. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, दोन फासळ्या मोडल्यात, जिवाला धोका नाही. संध्याकाळी मनिषला नीट शुद्ध आली. हर्षा खाटेशी बसली होती आणि तिचा हात त्याच्या चादरीवर सारखा चालत होता, काहीतरी बाजूला लोटत असल्यासारखा.

"हर्षा, काय करून राहिली?"

तिनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. हात थांबेना. मनिषनं तो धरला, तरी त्याच्या मुठीत तिची बोटं उकरतच होती.

"मी हसत होती," ती म्हणाली. "तू आतमंदी होता, अन् मी हसत होती."