बोरमळ्याची बेघरमुक्ती

गिरिजाबाईचं घर रस्त्यात गेलं ते सत्त्याण्णव साली. राजूरच्या गणपतीला जाणाऱ्या गाड्या वाढल्या, म्हणून बोरमळ्याचा रस्ता रुंद करायचं ठरलं, आणि मोजणीवाल्यांनी टाकलेली चुन्याची रेघ नेमकी तिच्या चुलीवरून गेली. नवरा पुंजाराम वारलेला, लेक बेबीनंदा जालन्यात दिलेली. जागेचा कागद कुणाकडेच नव्हता. चाळीस वर्षं उभं असलेलं घर एका सकाळी अतिक्रमण ठरलं.

रस्ता झाला, आणि रस्त्याबरोबर पत्र्याचा एसटी निवाराही झाला. एसटी मात्र तिथे कधी थांबली नाही. ती पुढे कडूबाच्या टपरीसमोर थांबायची, कारण ड्रायव्हर-कंडक्टरचा चहा तिथे होता. निवारा रिकामाच पाहून गिरिजाबाईने आपली पेटी, दोन पातेली आणि गोधडी तिथे नेऊन मांडली. ‘‘सरकार काही इतकं वाईट न्हाई,’’ कडूबा गिऱ्हाइकांना सांगायचा. ‘‘एक घर पाडलं, पंधरा पावलांवर दुसरं बांधून दिलं. एक भिंत तेवढी राह्यली.’’

गिरिजाबाईला ती राहिलेली भिंत फार जाणवायची. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण तिच्या ताटात काय आहे ते बघून जायचा. लुगडं बदलायला तिला गावच्या वेशीच्या आडोशाला जावं लागे.

अशात वर्ष गेलं. मग राज्यात एकही माणूस बेघर राहू द्यायचा नाही, असं मुंबईत ठरलं. मुंबईचं जालन्याला, जालन्याचं भोकरदनला आणि भोकरदनचं बोरमळ्याला यायला सहा महिने लागले, आणि येईपर्यंत त्या ठरावाचा फॉर्म झाला होता. ग्रामसेवक धर्मराज, ज्याला सगळं गाव भाऊसाहेब म्हणायचं, तो फॉर्मांचा गठ्ठा घेऊन निघाला. हुकूम स्पष्ट होता : घरोघर फिरून बेघर शोधा.

तीन दिवस तो घरोघर फिरला. घरात राहणाऱ्यांपैकी बेघर निघाला तो एकच, सरपंच भुजंगरावांचा पुतण्या मच्छिंद्र. आदल्याच आठवड्यात त्याचं रेशनकार्ड काकाच्या कार्डातून वेगळं झालं होतं, आणि वेगळ्या कार्डाला वेगळं घर नव्हतं. चौदा खणांच्या घरात राहून बिचारा बेघर झाला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी उन्हाने घामाघूम झालेला भाऊसाहेब गिरिजाबाईच्या निवाऱ्यात टेकला. तिने त्याला तांब्याभर पाणी दिलं.

‘‘भाऊसाहेब, माझं नाव घ्या की यादीत.’’

‘‘घेतो ना. घर नंबर सांग.’’

‘‘घरच न्हाई तर नंबर कुठला?’’

भाऊसाहेबाने फॉर्म उलटा-सुलटा करून पाहिला. तो वाईट माणूस नव्हता. ‘‘बाई, पहिला रकानाच घर नंबरचा हाय. तो कोरा राह्यला की वरून फॉर्म वापस येतो. बेघर व्हायला बी घर नंबर लागतो.’’

‘‘म्हंजी ज्याला घर हाय त्योच बेघर?’’

‘‘कागदावर तसंच दिसून राह्यलं,’’ तो म्हणाला, उरलेलं पाणी प्याला आणि गेला.

मच्छिंद्रचं घरकुल बुद्धवाड्याच्या कडेला गावठाणात उभं राहिलं. एक खोली, मोरी, हिरवा रंग दिलेलं लोखंडी दार. मच्छिंद्र त्यात कडबा भरायचा.

फेब्रुवारीत बोरमळा ‘बेघरमुक्त गाव’ म्हणून जाहीर करायचं ठरलं. जालन्याहून मोठे साहेब येणार, पेपरवाला येणार. आदल्या दिवशी भुजंगराव स्वतः निवाऱ्याशी आले.

‘‘गिरिजाबाई, उद्याचा दिवस लेकीकडं जाय. गाव बेघरमुक्त होऊन राह्यलं अन् तू इथं रस्त्यावर दिसली तर बरं दिसंल का?’’

‘‘म्या काही नवी आली का इथं?’’ ती म्हणाली. ‘‘दोन वर्सं झाली, कुणाला दिसले न्हाई. उद्याच कशी दिसंन?’’

भुजंगराव तसेच माघारी वळले. पण सकाळी भोकरदनहून निरोप आला आणि सगळंच उलटलं : साहेब स्वतःच्या हाताने चावी देणार, आणि लाभार्थी महिला हवी. ग्रामपंचायतीत धावपळ उडाली. मच्छिंद्रची बायको नंदाबाई हिला तयार व्हायला सांगितलं, तर तिने देव्हाऱ्यासमोर ताट आपटलं. ‘‘बेघर म्हणून पेपरात फोटू? माझ्या माहेरी साठ एकर हाय! भावानं पाह्यलं तर मला न्यायला गाडी पाठवील.’’

मच्छिंद्रला उभं करावं, तर त्याच्या बोटांत तीन अंगठ्या, आणि पोट असं की साहेबांनीच त्याच्याकडे आसरा मागावा. तेव्हा भाऊसाहेबाला एकदम बेघर बाई आठवली. तो पळत निवाऱ्याकडे गेला.

‘‘गिरिजाबाई, चल जल्दी. हात पुढं करायचा, नमस्कार करायचा. काही बोलायचं न्हाई. साहेब गेले की चावी मला वापस.’’

गिरिजाबाईने धुतलेलं लुगडं नेसलं. वेशीपर्यंत जायला वेळ नव्हता, म्हणून भाऊसाहेब पाठ करून निवाऱ्यासमोर उभा राहिला. तिला हसू आलं. सरकारने चौथी भिंत दिली होती, घडीभर.

कडबा पहाटेच निघाला होता. दाराला तोरण, खोलीत धूप. साहेब तरुण होते, चेहऱ्यावर खरंच कळकळ होती. त्यांनी चावी दिली आणि म्हणाले, ‘‘उघडा बाई, तुमच्याच हाताने.’’

तिने कुलूप काढलं. आत जाऊन तिने भिंतींना हात लावून पाहिला. एक, दोन, तीन, चार. मग दाराची कडी आतून लावली आणि पुन्हा काढली.

‘‘कसं वाटलं?’’ साहेबांनी विचारलं.

काही बोलायचं नाही, असं सांगितलेलं तिला आठवत होतं. पण विचारणारा मोठा माणूस होता. ‘‘साहेब, आतून कडी हाय,’’ ती म्हणाली. ‘‘दोन वर्सांत म्या कधी आंग सैल सोडून बसले न्हाई.’’

साहेब दाराबाहेर आले. त्यांनी माइक हातात घेतला. ‘‘आजपासून हे घर गिरिजाबाईंचं! यातून त्यांना कुणी काढलं तर थेट माझ्याकडे या!’’ टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिली टाळी भुजंगरावांची होती; सवयच होती त्यांना. पेपरवाल्याने नाव विचारलं, तेही तिने सांगितलं.

गाड्यांची धूळ बसली तसा भाऊसाहेब दाराशी आला. दार आतून लावलेलं होतं.

‘‘गिरिजाबाई, चावी.’’

‘‘कशाची?’’ आतून आवाज आला.

‘‘आपलं ठरलं व्हतं ना?’’

‘‘भाऊसाहेब, तुमचं-माझं हळू आवाजात ठरलं. साहेब माइकात बोलले.’’

मच्छिंद्र लाथ मारायला पुढे झाला. ‘‘पत्रे काढून टाकतो, बघतोच कशी राह्यते!’’ भाऊसाहेबाने त्याचा हात धरला. मग तो मागे उभ्या असलेल्या भुजंगरावांकडे वळला. ‘‘मालक, थांबा. ही लाभार्थी न्हाई म्हणाल, तर साहेबांच्या फोटूत कोण हाय ते सांगावं लागंल. मंग मच्छिंद्ररावांचं कार्ड, तुमचं चौदा खणांचं घर, माझी नोकरी, समदं बाहेर येतं. पत्रे तिच्या डोक्यावर न्हाई हाईत, आपल्याच डोक्यावर हाईत.’’

भुजंगरावांनी मच्छिंद्रला दारापासून मागे ओढलं आणि घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी कडूबाने टपरीवर पेपर मोठ्याने वाचला. जालन्याहून बेबीनंदा तोच पेपर घेऊन आली आणि आईच्या गळ्यात पडून रडली. तिला वाटलं, सरकारला खरंच कळवळा आला. गिरिजाबाईने तिचा समज मोडला नाही.

भुजंगरावांनी सूड घेतला तो त्यांना जमण्यासारखा. त्या हंगामात त्यांच्या आणि भावबंदांच्या शेतात गिरिजाबाईला ज्वारीच्या काढणीला कुणी बोलावलं नाही. तिला पाच मैल चालत दुसऱ्या गावी जावं लागलं. पाय सुजले, पण ती परत यायची ती कुलूप काढून आत शिरायची.

जूनमध्ये तालुक्याची तपासणी आली. तालुक्यातल्या सत्तावीस घरकुलांपैकी कुठे कडबा, कुठे खताच्या गोण्या, कुठे पिठाची गिरणी. माणूस सापडला तो फक्त बोरमळ्यात. पथकातले लोक इतके चकित झाले, की त्यांनी गिरिजाबाईला दोनदा दाराबाहेर बोलावून खात्री केली. भाऊसाहेबाला प्रशस्तिपत्र मिळालं. कागदावर ‘मच्छिंद्र’ असं जे लिहिलं होतं, ती लेखनिकाची चूक असल्याचा ठराव ग्रामसभेत एकमताने झाला. ‘गिरिजाबाई’ लिहिताना हात घसरून ‘मच्छिंद्र’ कसं झालं, हे कुणी विचारलं नाही. मच्छिंद्रचं रेशनकार्ड काकाच्या कार्डात परत गेलं आणि त्याची बेघरी संपली.

पावसाळा सरता सरता एके दुपारी नंदाबाई दाराशी आली. गिरिजाबाई सावध झाली. एवढ्या घरची सून बुद्धवाड्याकडे आजवर फिरकली नव्हती.

‘‘कडब्याची दोरी राह्यली का इथं, पाहाया आले,’’ नंदाबाई म्हणाली.

‘‘दोरी न्हाई. बसा.’’

नंदाबाई बसली. खोलीभर नजर फिरवली. चूल, पेटी, बाबासाहेबांचा फोटो, दांडीवर एक लुगडं. ‘‘आमच्या चौदा खणांत,’’ ती हळूच म्हणाली, ‘‘माझी म्हणून एक खोली न्हाई बघ. सासू, जावा, आल्या-गेल्याचा चहा. पेपरात फोटू येईल म्हणून लाजले, न्हाई तर ही खोली...’’ 

गिरिजाबाई उठली. तिने चुलीवर पाणी ठेवलं. कप पुढे केला तेव्हा नंदाबाई क्षणभर घुटमळली, मग तिने तो घेतला.

‘‘दार लोटू का?’’ गिरिजाबाईने विचारलं.

‘‘लोट की,’’ नंदाबाई म्हणाली, आणि पाय पसरून, भिंतीला टेकून, सावकाश चहा पिऊ लागली.