तांबड्या पानांची रांग

कॉफीच्या मळ्याच्या दारात नवी पाटी उभी राहिली आणि डॉर्कसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाहुण्यांना मळा दाखवत फिरायचं काम तिचं, आणि पाटीवर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं, ‘ही बाग पहिल्या मळेवाल्या साहेबांच्या पत्नीने स्वहस्ते फुलवली.’

"स्वहस्ते!" ती माळी सेल्व्हिनला म्हणाली. "त्या बाईनं कॉफीचा पेला तरी स्वहस्ते उचलला होता का रे?"

"हळू, मिस डॉर्कस. साहेब येतायत."

नवे व्यवस्थापक ट्रेंचफील्ड महिन्यापूर्वीच राजधानी किंग्स्टनहून डोंगरावर आलेले. उतारावरच्या तांबड्या पानांच्या झुडपांकडे बोट करून ते म्हणाले, "ही वेडीवाकडी रांग काढ, सेल्व्हिन. इथे लग्नांसाठी हिरवळ करायचीय."

"झुडपं नाहीत ती, आमची माणसं आहेत," डॉर्कस म्हणाली. "गुलामाच्या थडग्याला दगड ठेवायची मुभा नव्हती. मग आदल्या थडग्यावरची फांदी नव्या थडग्यावर लावायची. पिढ्यान्‌पिढ्या तेच पान चालत आलंय."

"कागद आहे काही?"

"कागद मळ्याकडे होता! त्यात मालमत्तेच्या यादीत आमची नावं खेचरांच्या खाली लिहिलेली."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "सेल्व्हिन, कुदळ घे."

सेल्व्हिननं खालमानेनं कुदळ उचलली. तेव्हा डॉर्कसनं सूर लावला. रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांचं प्रवचन बोलता बोलता गाणं बनतं आणि बाकांवरून हुंकार उठतो, त्याच चालीत आईनं तिला ही नावं दिली होती. झुडपागणिक एक.

"फिबा, जिला तापातही तोडणीला नेली! क्वाको, ज्यानं या उताराची दगडी पायरी रचली आणि तिच्याच दगडाखाली मेला! तू ओळखतोस त्यांना, प्रभू!"

"ओळखतोस, प्रभू!" सेल्व्हिनच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"आणि कफी! बाईंच्या गुलाबांना ओढ्याचं पाणी वाहिलं, घोटभर प्यायला म्हणून फटके खाल्ले! सेल्व्हिनचा खापरपणजा!"

सेल्व्हिननं कुदळ हलकेच गवतावर आडवी ठेवली. "मला नाही जमायचं, साहेब."

"मी दुसरी माणसं आणीन."

"आणा की! याच डोंगराची असतील, त्यांच्याही पूर्वजांची नावं मला पाठ आहेत." डॉर्कसचा श्वास अजून फुललेला होता. "तुमचाही रंग आमचाच; तुमच्या आजीचं माहेर कुठलं, साहेब?"

ट्रेंचफील्ड पाठ फिरवून निघाले. मात्र पाटीकडे परतताना झुडपांमधून जाणारी नेहमीची वाट सोडून त्यांनी त्या रांगेला पुरा वळसा घातला.