सत्तर अक्षरांच्या पुढे

रत्नप्रभाबाईंच्या मुलीचे, रुचिराचे, लग्न झाले ते वर्ष दोन हजार सतरा. त्याच वैशाखात मी घाटकोपरच्या एका दुकानातून खोक्यात बसून बाहेर पडलो. तिचा धाकटा भाऊ सुयोग याने मला बहिणीच्या हातात ठेवले आणि म्हणाला, "ताई, रोज एक फोन करायचा. नाहीतर मी मुलुंडला येऊन तुझ्या नवऱ्याच्या डोक्यावर बसेन." सगळे हसले. नवरा श्रेयसही हसला.

मित्रांनो, मी तोच मोबाइल फोन. आता जुना झालो आहे. माझ्या काचेवर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडा आहे. तो लग्नानंतर चौथ्या महिन्यात पडला.

रुचिरा भावाशी बोलत होती. श्रेयस एसी दुरुस्तीच्या कामावरून आला. जेवण वाढायला उशीर झाला एवढेच कारण. त्याने मला तिच्या कानाजवळून ओढून भिंतीवर फेकले. मी खाली पडलो आणि उचलायला ती वाकली, तेव्हा त्याने तिच्या हातावर पाय दिला. करंगळीचे हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मला कान नाहीत, पण माझ्यात माइक आहे, आणि सुयोग पलीकडे अजून "हॅलो, ताई" म्हणत होता. माझी काच तडकली तरी मी चालत राहिलो. रुचिराही तशीच चालत राहिली. दुसऱ्या दिवशी बोटाला पट्टी बांधून ती पवईला कामाला गेली.

पवईला ती एका कचेरीत संगणकावर नोंदी भरत असे. तिथेच शर्मिष्ठा नावाची बाई होती, मुलुंडचीच, मोठ्या हुद्द्यावर. तिने रुचिराचे बोट पाहिले. काही दिवसांनी निळा पडलेला गळा पाहिला. मग एकदा चहाच्या सुट्टीत तिने मला मागून घेतले आणि माझ्यात एक सॉफ्टवेअर घातले. त्याचे नाव 'हाक'. माझे बाजूचे बटण तीनदा दाबले की पाच माणसांना मेसेज जाई आणि त्यात ठिकाणही असे. फोन खिशातून काढावा लागत नसे.

हे सॉफ्टवेअर शर्मिष्ठा आणि तिचे काही मित्र सुट्टीच्या दिवशी बसून करत. त्याच्या आतले काम कुणालाही उघडून पाहता येई, कुणालाही सुधारता येई, आणि ते फुकट होते. पण अशा सॉफ्टवेअरला तपासणारी पगारी माणसे नसतात. वापरणाऱ्यांनीच आधी वापरून पाहायचे आणि कुठे अडते ते सांगायचे.

मेसेजचे शब्द रुचिराने सांगितले होते. शर्मिष्ठाने विचारले, "काय लिहू?"

"धावा, मारतोय. एवढंच लिहा. त्या वेळी दुसरं काय बोलणार?"

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला चांगला दिवस त्या तीन दाबांचा आहे. दोन हजार एकोणीसच्या पावसाळ्यात श्रेयसने तिला स्वयंपाकघरात कोंडून पट्ट्याने मारले. पट्ट्याचे बकल तिच्या पाठीत रुतत होते. ती ओट्याखाली दडली आणि तिने माझे बटण तीनदा दाबले. पाऊण तासात असल्फ्याच्या टेकडीवरल्या घरून रत्नप्रभाबाई रिक्षाने आल्या. बरोबर सुयोग होता आणि शेजारीण कुंदा होती. कुंदाच्या हातात पोळपाट होता. घाईत लाटणे सापडले नाही म्हणून तिने तो घेतला होता.

दार उघडताच कुंदाने पोळपाट श्रेयसच्या कानशिलावर मारला. तो खाली बसला. त्याच्या भुवईतून रक्त गळू लागले. रत्नप्रभाबाई मुलीची पाठ बघून म्हणाल्या, "बाय माझे, चल." मग जावयाकडे वळून म्हणाल्या, "मेल्या, माझ्या नवऱ्यान गिरणीत तीस वर्षां काम केल्यान, पण बायकोर हात नाय उचलल्यान."

त्यानंतर टेकडीवर माझे फार कौतुक झाले. बायका मला हातात घेऊन बघत. कुंदा म्हणे, "हा फोन नाही गं, हा पोलीस आहे." बऱ्याच जणींनी आपल्या फोनात 'हाक' घालून घेतली.

रुचिरा मात्र परत गेली. श्रेयस रडला, पाया पडला, ती गेली. असे तीनदा झाले. शेवटी दोन हजार बावीसच्या दिवाळीत त्याने तिचे केस गॅसच्या शेगडीवर धरले. त्या दिवशी ती आईकडे आली ती कायमची.

आईकडे राहताना तिने एक काम केले. रत्नप्रभाबाईंना अक्षरे येत नव्हती. अठ्ठावन्नाव्या वर्षी लेकीने त्यांना माझ्या पडद्यावर बोट फिरवून शिकवले. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत त्या एकेक अक्षर जोडून वाचू लागल्या. लिहायला फार वेळ लागे. त्यांना भराभर लिहिता येणारे शब्द मोजकेच होते. आपले नाव, सुयोगचे, रुचिराचे, आणि 'ठीक'.

त्याच सुमारास 'हाक'मध्ये एक लहान बदल होणार होता. मोठा बदल असला की तपासायला वीस माणसे जमत, फोटो निघत. लहान बदलाला कुणी फिरकत नसे. शर्मिष्ठाने सगळ्यांना कळवले, चौदा जणांनी होकाराचा अंगठा पाठवला आणि एकही आला नाही. तेव्हा तिने संक्रांतीचे हळदीकुंकू तपासणीसाठी वापरायचे ठरवले. बायका येतीलच, वाण घेतील, आणि एकेक फोन तपासून जातील. रुचिराने आग्रह धरला की मला तिथे न्यायचेच. "सगळ्यात जुना हाच आहे. ह्याच्यावर चाललं तर सगळीकडे चालेल." तिला स्वतःला त्या रविवारी काम होते, म्हणून मला आईजवळ दिले.

बावीस जानेवारीचा तो रविवार. शर्मिष्ठाच्या मुलुंडच्या घरात जरीच्या साड्या, अत्तर, तिळाच्या वड्या. शर्मिष्ठाचा मित्र मुकुल कोपऱ्यात संगणक घेऊन बसला होता. बदल त्यानेच सुचवला होता.

"तो जुना मेसेज फार रांगडा होता," तो सांगत होता. "धावा, मारतोय. कुणाच्या ऑफिसात, सासरी, असा मेसेज गेला तर बरं दिसतं का? आता नीट मराठीत केलाय."

"अरे, पण ठिकाण जातंय ना?" शर्मिष्ठाने विचारले.

"जातं गं. माझ्या फोनवर पाहिलं की."

मित्रांनो, देवनागरीत काना, मात्रा, टिंब, मोकळी जागा सगळे धरून सत्तर अक्षरांपुढे मेसेज गेला, की त्याचे तुकडे होतात. नवे फोन ते तुकडे एकामागून एक पाठवतात. माझ्यातून पहिला तुकडा जाई आणि दुसरा बाहेरच पडत नसे. जुना मेसेज आखूड होता, म्हणून हे कधी कळले नव्हते.

रत्नप्रभाबाईंनी माझे बटण तीनदा दाबले. तपासणीपुरता मेसेज फक्त त्यांच्या स्वतःच्या फोनवर जायचा होता, तो आला. त्या वाचू लागल्या. "नमस्कार. आपणांस तसदी देत असल्याबद्दल क्षमस्व. मी सध्या अडचणीत असून". पुढे काही नाही. ठिकाणही नाही. त्यांनी फोन वरखाली केला. त्यांना कळले की हे अर्धे आहे.

समोर कागद होता. 'चालले का?' आणि त्याखाली 'काय अडले ते लिहा.' मागे सात-आठ बायका उभ्या होत्या. पाठीमागून कुणी म्हणाली, "काकूंचं होऊ दे गं, सावकाश." सगळ्या गोड हसल्या. रत्नप्रभाबाईंच्या हातात पेन होते. दुसऱ्या हातात वाणात मिळालेली चहाची गाळणी होती. शर्मिष्ठाने आताच त्यांना वाकून नमस्कार केला होता. ज्या घरचे कुंकू लावून घेतले त्या घरात खोट काढायची, आणि तीही एवढ्या बायकांसमोर, वेड्यावाकड्या अक्षरांत.

कुंदा कानाशी म्हणाली, "काय बघत बसलीस? लिही ठीक आणि चल, बस मिळायची नाही."

त्यांनी 'ठीक' लिहिले. सुबक लिहिले. शर्मिष्ठाने तो कागद उचलून मुकुलला दाखवला, "बघ, सगळ्यात जुन्या फोनवरही चाललं." दुसऱ्या आठवड्यात ती आवृत्ती सगळ्यांच्या फोनात गेली.

नऊ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी एक वाजता रुचिरा पवईला जेवायला बाहेर पडली. श्रेयस स्कूटर घेऊन उभा होता. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री.

"घटस्फोटाच्या कागदावर सही करतो. शेवटचं बोलू, पाच मिनिटं. शपथ."

"इथेच बोल."

"कागद माहुलला ठेवलेत. दादाच्या खोलीवर. घे आणि सूट."

तिला ते कागद फार हवे होते. ती बसली.

माहुलच्या त्या इमारतीत निम्म्या खोल्या रिकाम्या होत्या. खोलीत कागद नव्हते. श्रेयसने कडी लावली आणि पिशवीतून लोखंडी पाना काढला. पहिला घाव तिच्या खांद्यावर बसला. मी तिच्या कुर्त्याच्या खिशात होतो. तिने खिशात हात घालून बटण तीनदा दाबले. एक वाजून चाळीस मिनिटे झाली होती. मी पाठवले. जेवढे माझ्यातून गेले तेवढे पाठवले.

दुसरा घाव मनगटावर बसला. "बोलव ना आईला," तो म्हणाला. "त्या पोळपाटवालीला बोलव."

ती म्हणाली, "येतील." तिची खात्री होती. तिने दुसऱ्या हाताने पुन्हा तीनदा दाबले. मग पुन्हा. तो केसांना धरून तिचे डोके फरशीवर आपटत होता आणि ती मोजून तीनदा दाबत होती. चार वेळा हाक गेली. चौथ्यांदा तिची बोटे ओली होती आणि माझ्या तड्यातून रक्त आत शिरले. मग पडदा काळा झाला.

पलीकडचे मला नंतर कळले. असल्फ्याला रत्नप्रभाबाई मेथी निवडत होत्या. फोन वाजला. त्यांनी वाचले, "नमस्कार. आपणांस तसदी". त्या कुंदाला म्हणाल्या, "शर्मिष्ठाची तपासणी चालू हा वाटता." चौथा आला तेव्हा म्हणाल्या, "आज फारच तपासणी हा." शर्मिष्ठा बैठकीत होती. तिनेही तो पाहिला आणि तिला वाटले, रुचिरा मुकुलसाठी काहीतरी करून बघते आहे. सुयोगचेही तसेच झाले. पाचही जणांना मेसेज मिळाला होता. उठले कुणी नाही.

तीन वाजता शेजारच्या खोलीतल्या जानकी नावाच्या बाईने दाराखालून आलेले रक्त पाहिले आणि आरडाओरडा केला. दार उघडून पळणाऱ्या श्रेयसला लोकांनी जिन्यात गाठून मारले. त्याचे दात पडले. आता तो तुरुंगात आहे.

रुचिराचे दिवस झाल्यावर शर्मिष्ठा टेकडी चढून आली. दारातच उभी राहिली. "काकू, चूक माझी आहे. मी स्वतः ह्या फोनवर बघायला हवं होतं."

रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "तू इचारलंस. मी खोटा लिवलंय."

मग त्यांनीच विचारले, "पुढची तपासणी कधी हा?"

सुयोगने अर्ज करून मला पोलिसांकडून सोडवून आणले. काच तशीच ठेवून आतला पडदा बदलला. आता कितीही लहान बदल असो, रत्नप्रभाबाई मला घेऊन मुलुंडला जातात. मेसेज पुन्हा आखूड झाला आहे, आणि तपासणीच्या मेसेजवर आधी 'तपासणी' असा शब्द येतो. कागदावर त्या अर्धा अर्धा तास लिहितात. मागे बायका थांबतात. एकदा मुकुल म्हणाला, "काकू, तोंडी सांगा, मी लिहून घेतो."

"नको. मी लिवतंय. तू थांब."

तो थांबतो. त्यांचे होईपर्यंत आवृत्ती बाहेर पडत नाही.

मित्रांनो, कुणी एखादी वस्तू तुमच्या हातात देऊन 'बघ, चालते का' असे विचारले, तर नीट बघा. ती चालत नसेल तर चालत नाही असे सांगा. सांगताना अक्षर वाईट आले तरी चालेल, यजमानाला वाईट वाटले तरी चालेल. आणि लहान बदल आहे, त्यात काय बघायचे, असे म्हणू नका. माझ्यासारखे जुने फोन पुष्कळ आहेत, आणि ते ज्यांच्या खिशात आहेत त्यांना दुसरा फोन नाही.

रुग्णालयात नेल्यावर रुचिरा शुद्धीवर आली नाही. शुक्रवार, दहा फेब्रुवारी दोन हजार तेवीस या दिवशी सकाळी अकरा वाजता ती वारली. तिचे वय एकतीस होते.