वीस झोके

मी संशयी आहे हे मला कुणी सांगायची गरज नाही. दूधवाला गेला की मी आधी दुधात बोट बुडवून बघते, अन् राग तर कायम नाकाच्या शेंड्यावर. आमच्या वैजापूरच्या घरात सगळेच असे. पण गयासच्या बाबतीत मी जे केलं ते काही स्वभावावर ढकलून मोकळं होता येत नाही. म्हणून सांगते.

साल सहासष्ट. औरंगाबादला आमच्या पदार्थविज्ञान विभागात संशोधन करणारी बाई मी एकटीच. विषय तेलांचा: करडई, जवस, शेंगदाणा. बारीक तारेला पितळेची चकती टांगायची, ती तेलात बुडवायची, जरा पीळ देऊन सोडायची. चकती सावकाश एका बाजूला फिरते, मग उलटी फिरते. फिरून पहिल्या जागी आली की एक झोका झाला. असे वीस झोके मोजायचे अन् त्यांना किती वेळ लागला ते स्टॉपवॉचवर बघायचं. तेल दाट असलं की झोका लांबतो. किती दाट तेलाला किती लांबतो, याचं एक गणिती सूत्र मी बसवत होते. सूत्र जमलं असतं तर नुसत्या झोक्यावरून तेलातली भेसळ सांगता आली असती. विषयसुद्धा मी माझ्या स्वभावाला साजेसाच निवडला होता.

झोके मोजायला माझ्याकडं दोन माणसं होती. एक बद्रीनाथमामा, आमच्याच वैजापूरचे. आडतीवर वीस वर्षं मापाडी होते, धान्याची मापं मोजून मोजून कंबर गेली. मग माझ्या वडिलांनी शब्द टाकला अन् मी त्यांना प्रयोगशाळेत चिकटवलं. त्यांची मोजायची रीत बाजारातलीच राहिली. मापाडी कधी ‘एक’ म्हणून सुरुवात करत नाही, पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणतो, मग दोन, तीन. मामा चकती सोडायचे, स्टॉपवॉच दाबायचे अन् म्हणायचे, “लाभ.” पुढं खणखणीत वीसपर्यंत. मला ते ऐकून लई बरं वाटायचं. आमच्या घरीसुद्धा पायलीनं ज्वारी मोजताना आई असंच म्हणायची.

दुसरा गयास. शहागंजातल्या नूरमोहम्मद घड्याळजींचा पुतण्या. पोरगा पंचवीसचा, हाडकुळा, बोलायला कमी. तीन वर्षांपासून विभागात हंगामी होता. त्याच्या चाचांनी निक्षून सांगितलं होतं, की यंदा कायम झाला तर ठीक, नाहीतर दुकानात येऊन बसायचं अन् कॉलेजचं नाव काढायचं नाही. गयासला दुकान नको होतं. तारेवर एवढासा आरसा चिकटवून भिंतीवर उजेडाचा ठिपका हलता दाखवायची युक्ती त्याचीच. त्यामुळं झोका कुठं पुरा झाला ते लांबून कळायचं. मी एकदा विचारलं, “दुकान चांगलं चालतं की रे, इथं काय ठेवलंय?” तर म्हणाला, “बाई, तिथं दुसऱ्यानं बनवलेलं दुरुस्त करायचं. इथं जे कुणी बनवलंच नाय ते बनवता येतं.”

तेव्हा मला ते बोलणं आवडलं होतं.

पहिलं वर्ष सगळी मोजणी मामांनीच केली अन् त्यांच्या आकड्यांवर मी सूत्र बांधलं. दुसऱ्या वर्षी मामांना फार वेळ उभं राहवेना, तेव्हा अर्धी मोजणी गयासला दिली. अन् पहिल्याच आठवड्यात घोळ. करडईच्या तेलाला मामांचे वीस झोके चार मिनिटं पंचेचाळीस सेकंदात व्हायचे. गयासचे बरोबर पाच मिनिटांत. मामांचे आकडे सूत्रात चपखल बसायचे, गयासचे बाहेर पडायचे.

मी आधी तेल तपासलं. मग तार. मग खोलीतली उष्णता. सगळं तेच. फरक फक्त माणसाचा.

अन् मग माझं डोकं फिरलं. स्टॉपवॉच त्यानं उघडलं होतं, मला आठवलं. महिन्यापूर्वी चाचांच्या दुकानातून साफ करून आणलं होतं. घड्याळजीच्या पोराला घड्याळ पुढं पळवायला किती वेळ लागतो? मी दुसऱ्या विभागातून वेगळं स्टॉपवॉच मागून आणलं. तरी फरक तेवढाच. दुसरं कुणी असतं तर इथंच थांबून विचार केला असता. मी उलट म्हणाले, म्हणजे हा घड्याळात नाही, मोजण्यात चलाखी करतो. पण कशासाठी? तर मागच्या पावसाळ्यात काचेचं भांडं फुटलं तेव्हा मी त्याला चार जणांसमोर झाडलं होतं. भांडं त्यानं फोडलं नव्हतं, हे नंतर कळलं. तो डूख धरून बसला असणार, माझा प्रबंध बुडवायला निघाला असणार. असं मी ठरवून टाकलं.

खरं सांगायचं तर त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती. आमच्या घरात अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या आधीच्या, रझाकारांच्या दिवसांच्या गोष्टी सांगत सांगत जेवणं व्हायची. काका म्हणायचे, हे लोक बोलायला गोड, पण त्यांच्याकडं पाठ करू नये. त्या वर्षी गयास फार तर सात वर्षांचा असेल. एवढं साधं गणित मी केलं नाही. दोन वर्षं गणितंच करत होते अन् हे एक राहिलं.

मी वह्या कुलपात ठेवायला लागले. कपाटाच्या फटीत कागदाचा कपटा अडकवून जायचे अन् सकाळी तो हललाय का ते बघायचे. मामांना म्हणाले, जरा लक्ष ठेवा त्याच्यावर. मामा बिचारे दोन दिवस त्याच्या मागं शहागंजपर्यंत चालत गेले अन् येऊन सांगितलं, “आशाताई, त्यो नीट घरी जातो. वाटंत एकदा केळी घेतली.” मला केळ्यांचाही संशय आला असता, पण कशाचा घ्यावा ते सुचलं नाही.

शेवटी मी स्वतः मोजायचं ठरवलं. म्हटलं, दुसऱ्यावर कशाला विसंबायचं. दुपारी खोलीत एकटी होते. चकती सोडली, स्टॉपवॉच दाबलं, भिंतीवरच्या ठिपक्याकडं बघत मनातल्या मनात वीसपर्यंत मोजलं. चार मिनिटं पंचेचाळीस सेकंद. पुन्हा केलं. तेवढंच. आता तर माझी खात्रीच पटली. मामा खरे, मी खरी, सूत्र खरं, अन् हा एकटा लबाड.

दुसऱ्या दिवशी मी त्याला मामांसमोरच धरलं. “गयास, तुझे आकडे रोज पंधरा सेकंदानं लांब कसे?”

त्यानं मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाला, “बाई, एक काम करू. मी इकडं मोजतो, तुम्ही शेजारी उभ्या ऱ्हावा अन् तुम्हीबी मोजा. पर मनात नक्को. मोठ्यानं मोजा.”

“तू मला मोजायला शिकवणार?”

“शिकवत नाय बाई. फक्त मोठ्यानं...”

“शहाणपणा पुरे. वीस आकडे मोजायला मला तुझी शिकवणी नको. मी मोजलंय. माझंही मामांच्याइतकंच येतं. आता बोल.”

त्यानं माझ्याकडं बघितलं, मामांकडं बघितलं. मग म्हणाला, “जाऊ द्या,” अन् तारेवरचा आरसा पुसायला लागला. चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं.

त्याच आठवड्यात विभागप्रमुख नानासाहेबांनी मला बोलावलं. गयासला कायम करायचा प्रश्न येत्या शुक्रवारच्या बैठकीत होता, अन् त्याच्याबरोबर काम करणारी म्हणून माझा लेखी शेरा हवा होता. नानासाहेब म्हणाले, “हाताला हुन्नर आहे पोराच्या. तुम्ही चार ओळी लिहा, बाकी मी बघतो.” मी एकच ओळ लिहिली. ‘मोजमापाच्या कामात यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही.’ खाली सही, तारीख. नानासाहेबांनी दोनदा वाचलं अन् विचारलं, “नक्की?” मी म्हणाले, “पुरावा आहे माझ्याकडं.”

हे सोमवारी झालं. बुधवारी मी तो पुरावा नीट मांडायला बसले. उगीच कुणी विचारलं तर हातात तक्ता असावा. एका रकान्यात मामांचे आकडे, दुसऱ्यात गयासचे, तिसऱ्यात फरक. करडई, पंधरा सेकंद. जवस, चौदा. शेंगदाणा, सोळा. कुणी मनानं आकडे फुगवत असता तर फरक कधी कमी, कधी जास्त, वाकडातिकडा आला असता. हा तर ठरल्यासारखा येत होता. मी एकेका झोक्याचा वेळ काढला, गयासच्या आकड्यांवरून. करडईत एक झोका पंधरा सेकंदांचा. जवसात चौदा. शेंगदाण्यात सोळा.

म्हणजे दरवेळी फरक एका अख्ख्या झोक्याचा. कमी नाही, जास्त नाही.

मी उठले, चकतीला पीळ दिला, सोडली, स्टॉपवॉच दाबलं. अन् माझ्या तोंडून आपोआप आलं, “लाभ.” चकती नुकती सुटली होती. झोका एकही झाला नव्हता, अन् माझी एक मोजणी होऊनही गेली होती. धान्याचं पाहिलं तर माप ओतल्यावर ‘लाभ’ म्हणतात, माप रिकामं झालेलं असतं. इथं आम्ही माप भरायच्या आधीच म्हणत होतो. वीस म्हणायचो तेव्हा झोके एकोणीसच झालेले असायचे. मामांचे तसे, माझेही तसेच. ज्या आकड्यांवर सूत्र बांधलं ते सगळे एक झोका कमी. गयासचे तेवढे पुरे वीस. तो म्हणत होता तसं मोठ्यानं मोजलं असतं तर माझं मलाच ऐकू आलं असतं.

नानासाहेबांची खोली व्हरांड्याच्या टोकाला. दार उघडं होतं, ते आत लिहीत बसलेले दिसत होते. मी दारापर्यंत गेले अन् परत फिरले.

का, ते सांगते. उभ्या विभागात मी एकटी बाई. लोक टपलेले. संशोधन करणाऱ्या बाईला वीस मोजता येत नाहीत, असं एकदा झालं असतं तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मी स्वतःला म्हणाले, आधी आकडे दुरुस्त करू, सूत्र पुन्हा बसवू, मग ताठ मानेनं जाऊन सगळं सांगू. दुरुस्ती सोपी होती. मामांच्या प्रत्येक वेळेला वीसऐवजी एकोणीसनं भागायचं. बुधवार गेला, गुरुवार गेला, मी भागत बसले. गयास दोनदा खोलीत येऊन गेला, तेलाच्या बरण्या जागेवर लावल्या, मी वहीवरून मान वर केली नाही. शुक्रवारी अकराला बैठक होती. अकराला मी शेंगदाण्याचा तक्ता करत होते. सूत्र आता गयासच्या आकड्यांनाही चपखल बसत होतं, आधीपेक्षा किती तरी सुंदर. माझं मलाच कौतुक वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण कौतुक वाटलं.

सोमवारी शेरा मागं घेतल्याचं पत्र घेऊन मी नानासाहेबांकडं गेले. त्यांनी वाचलं, घडी घातली अन् म्हणाले, “उशीर केलात बाई. जागा शुक्रवारीच दुसऱ्याला दिली. हे तीन दिवस आधी आणलं असतं तर...”

मी तशीच शहागंजात गेले. नूरमोहम्मद चाचा काच पुसत होते. “आवो बाई, बसा,” म्हणून स्टूल पुढं केलं. आत गयास डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून बसला होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. लाभ, एकोणीस झोके, सूत्र, पत्र. माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा मागितली असेल, शब्द धड निघत नव्हते.

“मला म्हाईत होतं,” तो म्हणाला. “बद्रीनाथमामू चकती सोडतानाच लाभ बोलले, तवाच कळलं.”

“मग सरळ सांगितलं का नाहीस?”

“बाई, ती तुमच्या लोकांची रीत. माझ्यासारख्यानं तिला चूक म्हणलं असतं, तर तुम्ही ऐकलं असतं?”

त्यानं भिंग काढून ठेवलं अन् पहिल्यांदाच नीट माझ्याकडं बघितलं.

“तुम्हाला कधी कळलं?”

खोटं बोलता आलं असतं. शनिवारी म्हणाले असते तरी कुणाला कळणार होतं. पण त्याच्यासमोर वेळेचं खोटं बोलायला माझी जीभ वळली नाही.

“बुधवारी,” मी म्हणाले.

“मिटिंग शुक्रवारी होती.”

“व्हय.”

चाचांचा काच पुसणारा हात थांबला. मला वाटलं आता गयास ओरडेल, शिव्या देईल, निदान जा म्हणेल. मला तेच हवं होतं, खरं तर. त्यानं भिंग पुन्हा डोळ्याला लावलं, चिमटा उचलला अन् खाली बघतच म्हणाला, “चाचा, बाईंना चाय सांगा. लांबून आल्यात.”

चहा आला. मी खाली बघत अख्खा कप प्याले, कारण उठून जायची मला हिंमत होत नव्हती.